पोटाच्या डायलिसिसची नळी बसली, मग डायलिसिस पंधरा दिवसांनी का? घरी नेण्याआधीची तयारी समजून घ्या

परळ (मुंबई) : केईएम, टाटा, वाडिया ही मोठी रुग्णालयं परळमध्ये एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर आहेत. रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर, जळगाव, कुठूनही आलेला माणूस दादरला उतरतो आणि फाईलची पिशवी काखेत धरून परळच्या दिशेने निघतो. यात किडनीचे रुग्ण असतातच. त्यातल्या काहींना डॉक्टर सांगतात, "तुमच्यासाठी पोटाचं डायलिसिस बरं. घरच्या घरी करता येईल." ऑपरेशन होतं, बेंबीच्या बाजूने एक मऊ नळी बाहेर येते आणि काही दिवसांत डिस्चार्जचा कागद हातात पडतो. त्यावर लिहिलेलं असतं, दोन आठवड्यांनी डायलिसिस सुरू.

इथे घरच्यांचं डोकं फिरतं. मुलगा सुट्टी काढून आलेला, मुक्काम लालबागच्या चाळीत मावसभावाकडे, गावी आई एकटी आणि गोठ्यात गुरं. "अहो सिस्टर, नळी बसली ना? मग आजच पाणी सोडा की. परत हेलपाटा कशाला?" हा प्रश्न ठरलेला. काहींना तर ही टोलवाटोलवी वाटते.

ती टोलवाटोलवी नसते. या पंधरा दिवसांत नळी तयार होत असते. ती नीट तयार झाली तर वर्षानुवर्षं चालू शकते. घाई झाली तर पाणी गळतं, जंतू शिरतात आणि कधी कधी नळीच काढून टाकायची वेळ येते.

आधी थोडं डायलिसिसबद्दल

दोन्ही किडन्या जवळजवळ बंद पडल्या की रक्तातला कचरा आणि अंगातलं जादा पाणी काढायला डायलिसिस तरी लागतं, नाहीतर किडनीचं प्रत्यारोपण. रक्ताचं डायलिसिस बहुतेकांनी पाहिलेलं किंवा ऐकलेलं असतं. आठवड्यातून दोन-तीनदा सेंटरला जायचं आणि चार तास मशीनला लागायचं.

पोटाच्या डायलिसिसला एवढ्या मोठ्या मशीनची गरज नसते. पोटात आतड्यांभोवती एक पातळ अस्तर असतं, त्याला पेरिटोनियम म्हणतात. त्यात बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं पसरलेलं असतं. नळीतून साधारण दोन लिटर औषधी पाणी पोटात सोडलं की रक्तातला कचरा या अस्तरातून झिरपून पाण्यात उतरतो. त्या पाण्यात ग्लुकोज असतं, ते अंगातलं जादा पाणी ओढून घेतं. चार-सहा तासांनी जुनं पाणी काढायचं आणि नवं भरायचं. दिवसातून तीन-चार वेळा हे करावं लागतं, एका वेळेला अर्धा-पाऊण तास जातो. मधल्या वेळेत माणूस दुकानात बसू शकतो, शेतावर चक्कर मारू शकतो. डॉक्टर याला सीएपीडी म्हणतात. रात्री झोपेत मशीनने पाणी बदलण्याचाही प्रकार आहे, पण त्याला वीज लागते. हाताने पिशव्या बदलायला वीज लागत नाही. भारनियमन असलेल्या गावात हा फरक लहान नाही.

ज्या गावापासून डायलिसिस सेंटर साठ-सत्तर किलोमीटरवर आहे, तिथल्या रुग्णाला रक्ताच्या डायलिसिससाठी महिन्याला बारा-तेरा फेऱ्या होतात. सोबत एक माणूस, त्याचाही रोज बुडतो. पावसात घाट बंद पडला की फेरी चुकते. २२ जुलै २०२१ ला चिपळूण पाण्याखाली गेलं, तेव्हा आसपासच्या गावांचे रस्ते बंद होते. अशा दिवसांत घरी पाणी बदलणाऱ्या माणसाला सेंटर गाठायची चिंता नसते. मात्र घरी करायचं म्हणजे नर्सचं काम घरच्यांनी शिकायचं, हेही तितकंच खरं.

नळी कशी असते आणि ती 'धरते' कशी

पोटात पाणी सोडून रक्त शुद्ध करायचा पहिला प्रयत्न जर्मनीत गेओर्ग गांटर यांनी १९२३ मध्ये केला. पण तेव्हा दर वेळी पोटाला नवी सुई टोचावी लागे आणि जंतूही आत जात. ही अडचण सुटली ती १९६८ मध्ये, अमेरिकेतल्या हेन्री टेंकहॉफ यांनी कायम पोटात राहील अशी सिलिकॉनची मऊ नळी काढली तेव्हा. आजही बहुतेक रुग्णांना याच धर्तीची नळी बसते. १९७० च्या दशकात पोपोविच आणि मॉन्क्रीफ यांनी चालता-फिरता करता येईल अशी पद्धत बसवली, मग काचेच्या बाटल्या जाऊन प्लास्टिकच्या पिशव्या आल्या. भारतात ही पद्धत १९९१ पासून वापरात आहे.

परळचं नावही किडनीच्या उपचारांशी जुनं जोडलेलं आहे. केईएम १९२६ मध्ये सुरू झालं. देशात किडनी प्रत्यारोपणाचा पहिला प्रयत्न १९६५ मध्ये याच रुग्णालयात झाला, तो यशस्वी ठरला नाही. देशातल्या पहिल्या महिला किडनीतज्ज्ञ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या डॉ. विद्या आचार्य यांनी इथल्या किडनी विभागाची धुरा सांभाळली.

आता नळीकडे. तिचं आतलं टोक ओटीपोटात खाली असतं आणि त्याला बारीक भोकं असतात. मधला भाग पोटाच्या भिंतीतून, कातडीखालून जातो आणि बाहेरचं टोक पोटावर येतं. कातडीखालच्या भागावर लोकरीच्या कापडासारखी दोन छोटी कडी असतात, डॉक्टर त्यांना कफ म्हणतात. एक आत स्नायूत, दुसरं कातडीच्या जवळ, बाहेर पडण्याच्या भोकापासून साधारण दोन सेंटिमीटर आत. खरी गोम या कड्यांत आहे. शरीराचं मांस हळूहळू या कड्यांच्या धाग्यांत वाढतं आणि नळी पक्की धरतं. मग नळी हलत नाही, तिच्या कडेने पाणी गळत नाही आणि बाहेरचे जंतू नळीच्या कडेने आत शिरत नाहीत.

कोकणात हापूसचं कलम बांधणाऱ्या कुणालाही हे पटकन समजेल. कलम बांधलं की जोड धरेपर्यंत त्याला हात लावत नाहीत. धरलंय का बघायला रोज सोडून पाहिलं तर ते धरतच नाही. नळीचंही तेच. मांस धरायला दोन आठवडे लागतात, पूर्ण घट्ट व्हायला त्याहून जास्त, चार ते सहा आठवडेही जातात. त्याआधी दोन लिटर पाणी भरून माणूस उभा राहिला, खोकला, वाकला की पोटातला दाब वाढतो आणि पाणी ओल्या जखमेतून वाट काढतं. एकदा गळती लागली की डायलिसिस थांबवून पुन्हा वाट बघावी लागते. म्हणजे वाचवलेले पंधरा दिवस दुप्पट होऊन अंगावर येतात.

काही रुग्णांना मात्र थांबता येत नाही. दम लागतोय, अंगावर सूज चढलीय, उलट्या थांबत नाहीत, रक्तातलं पोटॅशियम वाढलंय. अशा वेळी डॉक्टर काही दिवस मानेतल्या नळीवाटे रक्ताचं डायलिसिस करतात, किंवा पोटात थोडंच पाणी सोडून, रुग्णाला झोपवून ठेवून रुग्णालयातच डायलिसिस सुरू करतात. झोपलेल्या माणसाच्या पोटात दाब कमी असतो. हा निर्णय डॉक्टरांचा. शेजारच्या खाटेवरच्या माणसाचं चौथ्या दिवशी सुरू झालं म्हणून आपलंही व्हावं, असा हट्ट कामाचा नाही. आणि घरी थांबलेल्या रुग्णाला वरचा त्रास सुरू झाला तर दोन आठवडे पुरे व्हायची वाट न बघता लगेच रुग्णालयात आणावं.

ऑपरेशनच्या आधी सांगायच्या गोष्टी

ऑपरेशनच्या आधी पोटावर पेनाने खूण करतात. ही खूण झोपलेल्या अवस्थेत एकदा करून भागत नाही. रुग्णाला बसवून, उभं करून, नेहमीच्या कपड्यांत पाहावं लागतं. परकराची नाडी कुठे बांधली जाते, पॅन्टचा पट्टा कुठे येतो, धोतराची गाठ कुठे बसते, हे बघून नळीची जागा ठरते. गावाकडे अनेकांच्या कमरेला करगोटा असतो, तो ऑपरेशनच्या वेळी तर काढावाच लागतो, पण नंतरही नळीवर घासला तर जखम करतो. रुग्णाने लाजून गप्प बसू नये, स्वतःहून दाखवावं. जागा अशी हवी की रुग्णाला ती स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल आणि हात पोचेल. पोट सुटलेलं असेल तर खालची जागा दिसतच नाही, मग वरची जागा धरतात.

हर्निया असेल तर तो आधीच सांगावा. पोटात रोज दोन लिटर पाणी भरलं की लहान हर्निया मोठा होतो, त्यामुळे बऱ्याचदा तो नळीबरोबरच दुरुस्त करतात. पूर्वी पोटाचं मोठं ऑपरेशन झालं असेल तर तेही सांगायचं, कारण आत आतडी चिकटलेली असू शकतात. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर त्यांची नावं नाही आठवली तरी पाकीट सोबत न्यावं.

आणि बद्धकोष्ठ. ऐकायला किरकोळ वाटतं, पण नळी नीट न चालण्याचं हे एक मोठं कारण आहे. आतडी तुंबली की नळीच्या टोकावर दाब येतो, टोक जागेवरून सरकतं आणि पाणी बाहेर येत नाही. म्हणून ऑपरेशनच्या आधी जुलाबाचं औषध देतात आणि पुढेही पोट रोज साफ राहील हे बघतात. ऑपरेशनच्या आधी लघवी करून मूत्राशय रिकामं ठेवायचं, डॉक्टरांनी दिलेल्या जंतुनाशक साबणाने आंघोळ करायची. पोटावरचे केस घरी वस्तऱ्याने काढू नयेत. बारीक जखमा होतात, त्यातून जंतू जातात. काही ठिकाणी नाकातून कापसाने नमुना घेतात. पोटाच्या ऑपरेशनला नाक कशाला, असं वाटेल. नाकात राहणारा स्टॅफिलोकॉकस नावाचा जंतू हातावाटे नळीपर्यंत पोचतो, म्हणून तो सापडला तर आधी नाकात मलम लावून त्याचा बंदोबस्त करतात.

ते पंधरा दिवस

वरची पट्टी उघडून बघायची नाही. ही एक गोष्ट जरी घरच्यांनी पाळली तरी अर्धं काम झालं. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत पट्टी साधारण आठवड्यातून एकदाच, तीही मास्क आणि हातमोजे घालून शिकलेल्या नर्सने बदलायची असते. रक्ताने किंवा पाण्याने भिजली तरच मध्ये. नळी पोटावर चिकटपट्टीने घट्ट बसवलेली असते, ती लोंबकळता कामा नये. एसटीच्या धक्क्यांत, झोपेत कूस बदलताना, लहान नातवंडाने ओढल्यावर नळीला हिसका बसतो आणि नुकतं धरू लागलेलं मांस सुटतं. नळीजवळ कात्री, ब्लेड अजिबात नेऊ नये. चिकटपट्टी कापायच्या नादात नळी कापली जाऊ शकते.

जखम भरेपर्यंत अंगावर पाणी ओतून आंघोळ नाही, ओल्या कपड्याने अंग पुसायचं. विहिरीत, नदीत, तळ्यात उतरणं तर पुढेही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. हंडा, सिलिंडर, गवताचा भारा, खताचं पोतं उचलायचं नाही. शौचाला कुंथायचं नाही. खोकला असेल तर अंगावर काढू नये, कारण प्रत्येक ढासेसरशी पोटावर दाब येतो.

हळद, कापूर, खोबरेल तेल, अंगारा, झाडपाल्याचा लेप यातलं काहीही नळीच्या जागेवर लावू नये. हे प्रेमानेच लावलं जातं, पण ती जागा म्हणजे थेट पोटात उघडणारी वाट आहे. जखम भरल्यावर तिथे रोज कोणतं मलम लावायचं हे डॉक्टर लिहून देतात, तेवढंच लावायचं. अंगदुखीसाठी दुकानातून घेतलेल्या गोळ्या आणि भस्मंही टाळावीत. ज्या रुग्णाला अजून थोडी लघवी होते, ती टिकवणं फार मोलाचं असतं आणि या गोळ्या ती उरलीसुरली किडनीही घालवतात.

या दिवसांत अधूनमधून, बहुतेक ठिकाणी आठवड्याला एकदा, रुग्णालयात बोलावून नळीतून थोडं पाणी सोडून लगेच परत काढतात. याला नळी धुणं म्हणतात. आत रक्ताची किंवा तंतूंची गुठळी अडकू नये म्हणून ते करायचं. पहिल्या वेळी परत आलेलं पाणी जरा गुलाबी दिसतं, त्याने घाबरायचं कारण नाही. हे धुणं घरी करायचा प्रयत्न करू नये.

म्हणूनच लांबच्या रुग्णाने हे दोन आठवडे मुंबईतच राहावं की गावी जाऊन परत यावं, हे ऑपरेशनच्या आधी ठरवावं. परळ-लालबागच्या चाळींत गिरणीच्या काळापासून कोकणातली आणि साताऱ्याकडची माणसं राहतात, त्यामुळे बऱ्याच जणांचं कुणी ना कुणी तिथे निघतंच. मात्र दहा बाय बाराच्या खोलीत सात माणसं आणि नुकती नळी बसलेला रुग्ण, याचा आधीच विचार व्हावा. रुग्णाला भिंतीकडेची जागा, स्वच्छ चादर आणि सामायिक मोरीऐवजी अंग पुसायची आडोशाची सोय एवढं तरी लागतं. ज्यांचं कुणी नाही त्यांनी रुग्णालयातल्या समाजसेवा विभागात विचारावं. परळची नाना पालकर स्मृती समिती बाहेरगावच्या रुग्णांची राहण्याची सोय आणि कमी खर्चात डायलिसिस अशी दोन्ही कामं करते. दादरची गाडगे महाराज धर्मशाळाही आहे, पण तिथे मुख्यतः कॅन्सरच्या रुग्णांची गर्दी असते.

हात धुणं हेच खरं ऑपरेशन

जखम भरत असतानाच शिकवणी सुरू होते. रुग्णाने स्वतः शिकावं, आणि घरातल्या आणखी एकाने तरी. रुग्णाची नजर कमी असेल किंवा हात थरथरत असतील तर सून, मुलगी, मुलगा जो कायम घरी असेल त्याने शिकावं. शिकायला एक माणूस आला आणि घरी दुसराच करू लागला, असं होता कामा नये.

नळीच्या बाहेरच्या टोकाला एक जोडनळी लावतात, तिला ट्रान्सफर सेट म्हणतात. तिला उघड-बंद करायची चावी असते आणि टोकाला जंतुनाशक औषध भरलेलं छोटं टोपण. हे टोपण एकदा काढलं की फेकायचं, दर वेळी नवं लावायचं. नव्या पाण्याची भरलेली पिशवी आणि जुनं पाणी घ्यायची रिकामी पिशवी एकाच नळीने जोडलेल्या येतात. भरलेली वर टांगायची, रिकामी खाली जमिनीवर स्वच्छ कागदावर ठेवायची. जोडल्यावर आधी पोटातलं जुनं पाणी खाली काढून घ्यायचं. मग पोटाकडची चावी बंद ठेवून वरच्या पिशवीतलं थोडं पाणी थेट खाली सोडायचं, म्हणजे नळीतली हवा आणि चुकून आलेले जंतू खाली वाहून जातात. त्यानंतर पोटात नवं पाणी. हा क्रम बदलायचा नाही. जंतुसंसर्ग कमी व्हायला या 'आधी धुवा, मग भरा' पद्धतीचा मोठा हात आहे.

जोडणी करतानाचे काही सेकंद सगळ्यात नाजूक. उघडं टोक कशालाही लागलं, बोटाला, लुगड्याला, चादरीला, तर ते जोडायचं नाही. चावी बंद करून रुग्णालयात फोन करायचा. चूक लपवणं महागात पडतं. घरात ओरडा बसेल म्हणून सून गप्प बसली तर त्याची किंमत सासऱ्यांच्या पोटाला मोजावी लागते.

त्याआधी खिडकी-दार बंद, पंखा बंद, तोंडाला मास्क. कुत्रं, मांजर, कोंबड्या खोलीबाहेर. गोठ्यातून आलेल्या माणसाने कपडे बदलून यावं. अंगठी, बांगड्या, घड्याळ काढून, नखं कापलेली, वाहत्या पाण्याखाली साबणाने हात धुवायचे. बादलीत बुडवून नव्हे. नळ नसेल तर कुणीतरी तांब्याने वरून पाणी ओतावं. हात कोरड्या स्वच्छ रुमालाने पुसायचे, ओल्या हाताने जोडणी करायची नाही, कारण ओलाव्यात जंतू जास्त चिकटतात.

पिशवी अंगाइतकी कोमट हवी, पण ती गरम पाण्याच्या पातेल्यात बुडवू नये, चुलीजवळ ठेवू नये. पाण्यातले जंतू जोडणीच्या तोंडाला लागतात आणि उष्णता एका ठिकाणी जास्त होऊन पोट भाजतं. रुग्णालयाने सांगितलेली कोरडी उष्णता देणारी पॅड वापरावी. वापरण्याआधी तारीख, पाण्याचं प्रमाण आणि पाणी नितळ आहे का ते बघायचं, पिशवी दाबून कुठे गळते का ते पाहायचं. पिशव्या १.५, २.५ आणि ४.२५ टक्के अशा येतात. टक्केवारी जास्त तशी अंगातलं पाणी जास्त ओढलं जातं. मधुमेही रुग्णाची साखर यामुळे वाढू शकते, म्हणून आपल्या मनाने जास्त टक्क्याची पिशवी लावायची नाही.

दोनशे चाळीस लिटर ठेवायचं कुठे?

दिवसाला दोन लिटरच्या चार पिशव्या धरल्या तर महिन्याला १२० पिशव्या, म्हणजे २४० लिटर पाणी. वजन तेवढेच किलो आणि वर खोक्यांचं. हा हिशेब फार कमी घरांत आधी केला जातो. टेम्पो तालुक्याच्या गावी येतो आणि पुढे वाडीपर्यंत खोकी कशी न्यायची, हा प्रश्न दारात उभा राहतो.

खोकी जमिनीवर थेट ठेवू नयेत. फळी किंवा बाजेवर, भिंतीपासून जरा सुटी, उन्हापासून लांब. गावात उंदराची भीती, पिशवीला बारीक छिद्र पडलं तर ते दिसतही नाही. पावसात पागोळ्यांचं पाणी शिरतं. मुंबईतही वेगळं नाही. हिंदमाताला पाणी साचतं हे सगळ्या मुंबईला माहीत आहे, त्यामुळे दादर-परळच्या तळमजल्यावरच्या खोलीत खोकी माळ्यावर गेलेली बरी. लालबागला गणपतीचे दिवस जवळ आले की रस्ते बंद, गर्दी, गाडी दारापर्यंत येत नाही. त्या दहा दिवसांचा साठा आधी भरून ठेवावा लागतो. आणि गणपतीला गावी जायचं असेल तर तेवढ्या दिवसांच्या पिशव्या आधी गावी पोचलेल्या हव्यात. रेल्वेच्या गर्दीत सोळा-वीस पिशव्या डोक्यावरून नेणं जमत नाही.

वापरलेलं पाणी संडासात ओतायचं. ते ओट्यावरच्या मोरीत किंवा झाडांना घालू नये. रिकाम्या पिशव्या परसात जाळू नयेत, त्या कुठे द्यायच्या हे रुग्णालयात किंवा ग्रामपंचायतीत विचारावं.

पहिली पिशवी, आणि गढूळ पिशवी

पहिल्यांदा पाणी सोडतात तेव्हा एकदम दोन लिटर क्वचितच सोडतात. लिटरभराने सुरुवात करून काही दिवसांत वाढवत नेतात. पोट फुगल्यासारखं, भूक मेल्यासारखं वाटतं. खांद्यात कळ आली तरी गोंधळून जाऊ नये, नळीतून आत गेलेल्या हवेने तसं होतं. नळीभोवतालची पट्टी ओली वाटली तर मात्र भरणं थांबवून कळवावं.

एक दोनशे पानी वही करावी. तारीख, किती पाणी घातलं, किती निघालं, रंग, वजन, बीपी. घातलेल्यापेक्षा कमी निघालं तर आधी नळी कुठे दुमडली नाही ना ते बघायचं, कूस बदलून बसायचं, पोट साफ झालंय का हे आठवायचं. तरीही निघत नसेल तर रुग्णालय.

निघालेलं पाणी फिकट पिवळं आणि नितळ असतं. ते ओळखायची साधी युक्ती सगळीकडे शिकवतात : पिशवी छापील वर्तमानपत्रावर ठेवायची. खालची अक्षरं वाचता आली तर ठीक. अक्षरं धुरकट दिसली, पाणी ताकासारखं झालं, तर पोटात जंतू शिरलेत असं समजायचं, पोट दुखत नसलं तरी आणि ताप नसला तरी. याला पेरिटोनायटिस म्हणतात. यात तास महत्त्वाचे असतात. ती गढूळ पिशवी ओतून न देता तशीच सोबत घेऊन त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं. पाण्यातल्या पांढऱ्या पेशी मोजतात, जंतू कोणता ते तपासायला पाठवतात आणि बहुतेक वेळा प्रतिजैविक औषध नव्या पिशवीतच घालून थेट पोटात देतात. गावातल्या दवाखान्यात तापाचं इंजेक्शन घेऊन दोन दिवस वाट बघितली, तर नळी जाते. कधी अस्तर कायमचं खराब होतं आणि पोटाचं डायलिसिसच बंद होतं. क्वचित जीवही जातो.

आता अडचण अशी की परळहून निघालेला माणूस संगमेश्वर किंवा पाटण तालुक्यातल्या वाडीत राहतो. रात्री दहाला पाणी गढूळ आलं तर परळ सहा-आठ तासांवर. म्हणून डिस्चार्जच्या आधीच डॉक्टरांना विचारून ठेवायचं : जिल्ह्याच्या ठिकाणी हे पाणी तपासून औषध सुरू करणारं रुग्णालय कोणतं? त्या डॉक्टरांच्या नावे चिठ्ठी, औषधाचं नाव आणि प्रमाण लिहून, फाईलमध्ये वरच ठेवायची. नर्सचा फोन नंबर घरातल्या दोन मोबाईलमध्ये तरी हवा. हे एक काम बाकीच्या सगळ्या तयारीइतकंच वजनाचं आहे, आणि नेमकं तेच राहून जातं.

जेवणातही एक बदल असतो. पोटातल्या पाण्याबरोबर रोज पाच ते दहा ग्रॅम प्रथिनं वाहून जातात. त्यामुळे अंड्याचा पांढरा भाग, मासे, डाळ, पनीर हे डॉक्टर सांगतील तेवढं खायला लागतं. किडनीचा आजार म्हणून डाळ पूर्ण बंद केलेले रुग्ण इथे फसतात, हातपाय बारीक होतात आणि जखम भरत नाही.

पैशाचं आधी विचारा

ऑपरेशनचा खर्च एकदाचा, पिशव्यांचा दर महिन्याचा. त्या साधारण वीस हजारांच्या आसपास जातात, कमी-जास्त पिशव्यांप्रमाणे. म्हणून नळी बसवण्याआधी दोन वेगळे प्रश्न विचारायचे : नळीचं ऑपरेशन योजनेत बसतं का, आणि दर महिन्याच्या पिशव्या बसतात का. पहिल्याला हो म्हटलं म्हणजे दुसऱ्यालाही हो, असं धरून चालू नये. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या रुग्णालयात आरोग्यमित्राचा टेबल असतो, तिथे रेशनकार्ड आणि आधार घेऊन जावं. योजनेचा टोल फ्री क्रमांक १५५३८८ आहे. प्रधानमंत्री राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम २०१६ मध्ये रक्ताच्या डायलिसिससाठी सुरू झाला, त्यात पोटाच्या डायलिसिससाठी मार्गदर्शक सूचना २०१९ मध्ये आल्या. आपल्या जिल्हा रुग्णालयात त्यानुसार पिशव्या मिळतात का, हे सिव्हिल सर्जन कार्यालयात विचारायचं. धर्मादाय रुग्णालयांत गरीब रुग्णांसाठी दहा टक्के खाटा मोफत आणि दहा टक्के सवलतीत राखीव असतात, त्यासाठी उत्पन्नाचा दाखला तहसीलमधून आधीच काढून ठेवलेला बरा.

गावी परतताना फाईलमध्ये डिस्चार्ज कागद, चिठ्ठी, वही आणि टोपणांचं एक जादा पाकीट असावं. जोडनळी म्हणजे ट्रान्सफर सेट साधारण दर सहा महिन्यांनी रुग्णालयात बदलावी लागते. ती तारीख वहीच्या पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरात लिहून घ्यावी.